अडसर

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आधुनिक मराठी कवितेच्या पेपरात मुक्तछंदावर टीप विचारलेली होती आणि एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘छंदाचा अडसर दूर झाला आणि मराठी कविता मोकळी झाली.’ अशी वाक्ये दर वर्षी शंभरेक तरी वाचावी लागतात. त्यांना तीन गुण द्यायचे की चार, एवढाच प्रश्न उरलेला असतो. पण हाताने सवयीने लाल शाईची रेघ ओढली ती नेमकी ‘अडसर’ या शब्दाखाली, आणि मग माझे मलाच कळेना की या शब्दात चूक काय आहे. आजच्या मराठीत अडसर म्हणजे अडथळाच. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रस्त्याला अडसर असतो, विकासाला असतो, युतीला असतो. अडसर म्हणजे जुन्या वाड्याच्या दारामागे रात्री आडवे घालायचे लाकूड, आणि ते आतल्या माणसांनी स्वतःच्या सुखाच्या झोपेसाठी स्वतःच्या हाताने घातलेले असते, ही गोष्ट शब्दातून केव्हा गळून पडली कोण जाणे.

माझ्या मनात तो शब्द गळून पडलेला नाही, त्याला कारण एक मोटार आहे. वाङ्मयाच्या चर्चेत मोटारीचे काय काम, असे वाचकांना वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत आले.

१९९१ साली मी अकरा वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा भावंडांना सांगलीहून महाबळेश्वरला नानामामाकडे पाठवत. मामाचे बाजारपेठेच्या मागच्या अंगाला सहा खोल्यांचे लॉज होते आणि दारात एक जुनी फियाट होती. चार दारांची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, पाठीमागे पाट्यांवर झुलणारी. मामीला लहानपणी पोलिओ झाला होता, डावा पाय बारीक आणि गुडघ्यात न वाकणारा. त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नसे आणि तीही बोलत नसे. ती ज्याबद्दल बोले ती गोष्ट वेगळी होती. तिला गाडी लागायची. पसरणीचा घाट सुरू झाला की दोन वळणांत तिचा चेहरा पांढरा पडे, आणि मग काचा खाली करा, गाडी थांबवा, लिंबू कुठे आहे, असा प्रकार होई. माहेर वाईला, म्हणजे जेमतेम वीस मैलांवर, पण ती वर्षातून दोनदाच जाई.

त्या उन्हाळ्यात आम्ही पोचलो तेव्हा फियाटला छप्पर नव्हते.

मामाने ते कापून घेतले होते. गावातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने दोन दिवसांत हॅकसॉने खांब कमरेपाशी कापले, कडा घासल्या, वरून लाल रंग मारला. ‘हिला वारा लागेल, आता उलटी होणार नाही,’ असे मामा म्हणाला. हे खरे होते. नवविवाहित जोडप्यांना उघड्या गाडीतून पॉइंट दाखवायला नेले तर सीझनमध्ये चार पैसे जास्त मिळतील, हेही खरे होते, पण ते त्याने आम्हांला सांगितले नाही. हिंदी चित्रपटांत उघडी गाडी घाटातून जाताना आपण सर्वांनीच पाहिलेली आहे. मामाने ती जरा जास्त वेळा पाहिली असावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण वाईच्या ढोल्या गणपतीला निघालो. पुढे मामा आणि माझा मोठा भाऊ. मागे डावीकडे मामी, मध्ये बहीण, उजव्या दाराला टेकून मी. वेण्णा तलावापर्यंतचा आनंद मला अजून आठवतो. झाडांचा वास डोक्यावरून नव्हे, सगळीकडून येत होता. मामी हसत होती. पाचगणीच्या बाजारात मामाने भुईमुगाच्या शेंगा घ्यायला गाडी थांबवली, आणि दारे उघडेनात. चारही. मामाने हिसके दिले, भाऊ बाहेर उडी मारून ओढू लागला, माणसे जमली. आम्ही मुले कडेवरून उड्या मारून उतरलो, त्यात आम्हांला गंमतच वाटली. मामी बसून राहिली. शेवटी मामाने तिला दोन्ही हातांनी उचलून भर बाजारात बाहेर काढले. ती काही बोलली नाही. पदर नीट केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही सगळे उतरताच दारे मात्र बिनतक्रार उघडू लागली.

खाली पसरणीच्या घाटात उलटे घडले. एका वळणावर मागचे चाक खड्ड्यात गेले, गाडीच्या अंगातून ओल्या लाकडासारखा कर्र असा आवाज आला, आणि मी ज्याला टेकलो होतो ते दार आपोआप उघडले. पुढचे मला सलग आठवत नाही. आठवते ते एवढेच, की सदऱ्याची कॉलर गळ्याला काचली होती आणि ती मामीच्या मुठीत होती. बहिणीला ओलांडून तिने हात कसा टाकला, हे तिलाही पुढे सांगता आले नाही. पट्टे वगैरे त्या काळी कोणी लावत नसे, आणि त्या गाडीत ते नव्हतेही.

वाईत मामा देवळात न जाता आधी मिस्त्रींकडे गेला. मिस्त्रींचे गॅरेज म्हणजे एक शेड, एक चिंचेचे झाड आणि झाडाला टांगलेली इंजिन उचलायची साखळी. मिस्त्री तरुणपणी किर्लोस्करवाडीला कामाला होते. शंकरराव किर्लोस्करांचे मासिक ज्या गावातून निघे ते गाव म्हणून तुम्हां-आम्हांला किर्लोस्करवाडी माहीत. मिस्त्रींना ते नांगर आणि पंप घडणारे गाव म्हणून माहीत होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या फटीत बोट घातले आणि विचारले,

‘नाना, छप्पर कुनी काढलं?’

मामा म्हणाला, ‘का? जीपला कुठे छप्पर असतं?’

‘जीपचं हाड खाली असतं. वरचा पत्रा नुसता अंगरखा. हिला हाडच न्हाई, हिचं कातडंच हाड.’

पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून मी हे समजून घेतले तेव्हा मिस्त्रींच्या वाक्यात मला काही भर घालता आली नाही. महिंद्रांनी मुंबईत १९४७पासून जुळवायला घेतलेल्या विलीज जीपला खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा असतो. दोन लांब तुळया, मध्ये आडव्या. भार तो वाहतो, वरचे अंग काढून ठेवले तरी गाडी चालते. फियाटसारख्या गाडीला असा वेगळा सांगाडा नसतो. तळ, उंबरे, खांब, छप्पर यांचा पत्राच दुमडून, जोडून पेटी केलेली असते आणि ती पेटी हाच सांगाडा. बुटांचे रिकामे खोके झाकण लावून पिळून पाहावे आणि झाकण काढून पिळून पाहावे. माणसे बसली की मधला भाग खाली झुकतो, दाराच्या चौकटीचे वरचे तोंड आवळते आणि दार अडकते. एक चाक खड्ड्यात गेले की चौकट तिरपी होते आणि दार सुटते. पाचगणीचा बाजार आणि पसरणीचे वळण या एकाच दुखण्याच्या दोन बाजू होत्या.

सहकाऱ्याने मला आणखी एक आकडा दिला. त्याचे मला फार नवल वाटले, म्हणून इथे देतो. पातळ पत्र्याची गोल नळी घ्या, जिची त्रिज्या पत्र्याच्या जाडीच्या २० पट आहे. आता तिला लांबीभर एक चीर द्या. काहीही काढून टाकलेले नाही, वजन तेच, पत्रा तोच, नुसती एक चीर. पिळाला होणारा तिचा विरोध सुमारे १२०० पटींनी कमी होतो. मी घरी येऊन दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्याची नळी कात्रीने कापून पाहिली. न कापलेली हातात पिळवत नव्हती. कापलेली रुमालासारखी वळली.

उघडी गाडी घडवणाऱ्यांचा सगळा झगडा या चिरेशी आहे. १९६२च्या लोटस इलान या गाडीला फायबरचे हलके अंग होते, आणि तिच्या दोन आसनांमधून पाठीच्या कण्यासारखी एकच पोलादी पेटी नेलेली होती, पुढच्या व मागच्या टोकांना दुभंगलेली. १९८९च्या माझदा एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक ॲल्युमिनियमची कैची बसवली होती. आपल्याकडे बेंगळुरूच्या सॅन कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी काढली, ती गोव्यात तयार होई. फायबरचे अंग, रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन. मला सर्वांत आवडते ती १९५४ची मर्सिडीज ३०० एसएल, जरी ती उघडी नाही. तिचा नळ्यांचा सांगाडा ताठ राहावा म्हणून कडेच्या नळ्या इतक्या उंच न्याव्या लागल्या की साधे दार बसवायला जागाच उरली नाही, म्हणून दारे छपराला बिजागऱ्या लावून पंखांसारखी वर उघडणारी केली. जगाने ज्याला सौंदर्य म्हटले ते असे अडचणीतून आलेले होते. १९५७मध्ये तीच गाडी उघडी करायची ठरली तेव्हा नेहमीचे दार बसावे म्हणून सांगाड्याच्या कडा खाली आणून तो नव्याने बांधावा लागला. म्हणजे छप्पर काढताना प्रश्न छपराचा नसतो, उंबऱ्याचा असतो. आत शिरणारे माणूस पाय किती उचलू शकते, हा तो प्रश्न.

मिस्त्रींनी गाडी ठेवून घेतली. मी आणि भाऊ मामीच्या माहेरी राहिलो आणि पंधरा दिवस रोज गॅरेजात जाऊन बसलो. त्यांचे काम आठवले की आजही वाटते, संशोधनाची शिस्त मी तिथे पाहिली ती पुढे पीएच.डी.च्या वेळी माझ्यात फारशी उतरली नाही. मामाला वाटले होते, दोन अँगल डकवले की काम झाले. मिस्त्रींनी पहिले तीन दिवस वेल्डिंगला हातच लावला नाही. गाडी चार घोड्यांवर चढवली, पोटाखाली जॅक लावला आणि रोज थोडी थोडी उचलत राहिले. सुतळीने दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे, उजवीकडचे डावीकडच्याशी ताडून पाहायचे, दार लावून फटीत पोस्टकार्ड फिरवायचे. वरपासून खालपर्यंत कार्ड सारखे सरकले पाहिजे. ‘वाकलेल्याला आधार दिला की ते वाकलेलंच पक्कं व्हतं,’ ते भावाला म्हणाले. ‘आधी सरळ करायचं, मंग धरायचं.’

मग चॅनेल कापले. तळाखाली एका उंबऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तिरके दोन, फुलीसारखे. पुढच्या आसनांमागे कापलेल्या दोन खांबांना जोडणारा आडवा पाइप. दोन्ही उंबऱ्यांवर आतून चार इंची पेटी. आणि मागची दोन्ही दारे वेल्डिंगने कायमची बंद, म्हणजे मागचा सबंध पत्रा एकसंध होऊन भार घेईल. आधी सगळीकडे नुसते टाके मारले, मग एकदा इकडे एकदा तिकडे असे तुकड्या-तुकड्याने वेल्डिंग केले, कारण एका दमात केले तर तापलेला पत्रा थंड होताना सगळी गाडी एका बाजूला ओढून नेतो. पट्टीचे टोक चौकोनी ठेवत नसत, माशाच्या शेपटीसारखे कापत. का, असे विचारले तर म्हणाले, ‘सरळ टोक आसलं की तिथंच चीर जाती. जोर एका जागी थांबवायचा न्हाई, पसरवायचा.’ पेट्यांना खालून भोके पाडली, पाणी निथळायला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

पंधराव्या दिवशी गाडी उतरवली. आम्ही सगळे बसून पाहिले. एका कोपऱ्याखाली जॅक लावून चाक अधांतरी उचलले आणि पुढचे दार उघडले-मिटले. पोस्टकार्ड सरकत होते. मामाने मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि मामीला बोलावणे धाडले.

ती आली, गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली, अगदी मिस्त्रींनी मारली होती तशी. मग म्हणाली,

‘अहो, मी बसायची कुठून?’

मागे दार नव्हते. पुढचा उंबरा चार इंच वर आला होता आणि न वाकणारा पाय त्यावरून आत नेणे शक्यच नव्हते. मामा दोन क्षण नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ‘मी आहे ना, उचलून ठेवीन की.’

‘रोज उचलून ठेवायला मी काय बोचकं आहे?’ मामी म्हणाली. आवाज चढवून नाही. ‘छप्पर काढताना मला विचारलं होतंत? दारं बंद करताना विचारलंत? माझ्यासाठी केलंत म्हणता, आणि मीच तेवढी राहिले.’ आणि ती एसटी स्टँडाकडे चालू लागली. गाडी लागणारी ती बाई त्या दिवशी एकटी, बंद एसटीने घाट चढून घरी गेली.

आमच्या विषयात उंबरठ्याच्या प्रतीकाला तोटा नाही. १९८२चा ‘उंबरठा’ हा चित्रपट दाखवला की विद्यार्थी दहा-दहा पाने लिहितात. मी त्या वाटेने जाणार नाही. माझ्यासमोरचा उंबरा चार इंची चॅनेलचा होता आणि त्याला वेल्डिंगचा वास येत होता.

मामाला वाटले, बायका रागावतात, होईल ठीक. ठीक झाले नाही. आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरते बोलली. नवव्या दिवशी मिस्त्री आपल्या पत्नीला घेऊन एसटीने वर आले. चहा झाल्यावर म्हणाले, ‘वैनी, चूक माजी हाय. गाडी पंधरा दिस मोजली. बसनाऱ्याचं माप घेतलं न्हाई.’ मग ते अंगणात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि त्यांच्या पत्नीने पडवीत विटा रचल्या. आधी तीन. मामीने लुगडे सावरून पाय वर घेतला. चार विटा जमल्या. पाचव्या विटेला तिने भिंत धरली. सहावीला नाही जमले. ‘पाच, पन धरायला पायजे,’ पत्नीने सांगितले, आणि मिस्त्रींनी न वळता मान हलवली. मी ओट्यावर बसून हे पाहत होतो. मामीच्या पायाबद्दल त्या घरात मोठ्याने बोललेले ते पहिले वाक्य मी ऐकले, आणि त्यात एक आकडा होता.

गाडी पुन्हा शेडमध्ये गेली. मिस्त्रींनी डावे मागचे दार वेल्डिंग कापून परत मोकळे केले. डाव्या उंबऱ्यावरची पेटी काढून खाली, जमिनीच्या अंगाला नेली. त्याचा परिणाम असा, की पुढे आयुष्यभर ती गाडी प्रत्येक गतिरोधकावर डावीकडून खरवडत गेली. वर, आसनाच्या पाठीच्या उंचीला, खांबाच्या खुंटापासून मागच्या भिंतीपर्यंत एक सव्वा इंची पाइप आडवा बसवला, पण हा काढता-घालता येणारा. दोन्ही टोकांना सायकलच्या पेडलला असते तशी निमुळती कॉटर. साधा बोल्ट का नाही, तर बोल्टला भोकात जरा तरी जागा राहते, आणि जागा राहिली की खडखड आणि खडखडीतून झीज. कॉटर ठोकली की फट उरत नाही. मामी बसली, दार लावले की पाइप घालायचा, कॉटर हातोडीने ठोकायची, दहा नंबरच्या पान्याने नट आवळायचा. उतरताना उलटे.

मिस्त्री त्या पाइपला अडसर म्हणाले. वाड्यातला माणूस दुसरे काय म्हणणार?

ते काम माझ्याकडे आले. उरलेल्या सुटीत आणि पुढच्या चार-पाच सुट्यांत मी ते केले, आणि मला स्वतःबद्दल फार मोठे काहीतरी वाटे, कारण मी अडसर घातल्याशिवाय गाडी हलत नसे. पण पहिल्याच दिवशी मामीने हात पुढे करून म्हटले, ‘पाना आणि हातोडी माझ्याकडे राहू दे.’ तिच्या कापडी पिशवीत, विड्याच्या पानांच्या डब्याशेजारी, ती दोन्ही असत. मी नसेन तेव्हा ती आतून स्वतः अडसर काढून उतरे. मामाला तिने त्याला कधी हात लावू दिला नाही. तिची गाडी लागणे थांबले, हे सांगायला हवे. माहेरी ती महिन्यातून एकदा जाऊ लागली.

गाडी त्यामुळे आदर्श झाली असे मात्र नाही. उजवी बाजू ताठ आणि डावी जरा मऊ, खड्ड्यात डावीकडून कुरकुर यायचीच. वजन दोन सिमेंटच्या पोत्यांएवढे वाढले होते, आणि ९०० किलोच्या आतबाहेरच्या गाडीला ते घाट चढताना जाणवे. शिवाय कायद्याचे काय, हा प्रश्न आज मला पडतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार अशा फेरफाराला परवानगी लागत होती, मामाने ती काढली होती की नाही हे मी कधी विचारले नाही. २०००च्या दुरुस्तीनंतर मूळ रचनेशी विसंगत फेरफाराला जवळजवळ मज्जावच झाला आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. तो नियम योग्यच आहे. आपल्या मागे तीन मुले बसवून खांब कापलेली गाडी घाटात नेणारा माणूस माझा लाडका मामा होता, एवढ्याने ते कृत्य शहाणपणाचे ठरत नाही.

आता त्या उत्तरपत्रिकेकडे येतो. मराठीत मुक्तछंदाची गोष्ट निघाली की अनिलांचे नाव येते आणि १९४०ची ‘भग्नमूर्ती’ येते. वर्गात आपण ती मुक्तीची कथा म्हणून सांगतो : वृत्त होते, गण होते, यमक होते, ते गेले. पण त्याच अनिलांनी उत्तरायुष्यात दहा ओळींचा एक रचनाबंध स्वतःसाठी बांधून घेतला आणि त्यांच्या ‘दशपदी’ला १९७७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे आपण परीक्षेपुरते एका ओळीत उरकतो. मुक्तछंदाने लय कधीच सोडलेली नव्हती. छप्पर गेले तेव्हा तिचा भार कुठेतरी खाली, उंबऱ्याकडे, तळाच्या फुलीकडे उतरला असणार. तो कुठे उतरला हे शोधणे हे खरे तर आम्हां शिक्षकांचे काम. आपण ‘मुक्त’ हा शब्द फळ्यावर लिहितो आणि तासाची घंटा होते. मराठी समीक्षेत रचनेला ‘घाट’ म्हणतात, आणि महाबळेश्वरच्या माणसाला घाट म्हटले की वळणे आठवतात. ही शब्दांची योगायोगाची गाठ मला आवडते, पण तिच्यावर जास्त भार टाकणे बरे नव्हे.

मला खरे बोचते ते निराळेच. गेली वीस वर्षे कवितेचे कर्ण मी बरेच मोजले. ऱ्हस्व-दीर्घ, यती, प्रतिमांची संगती, पोस्टकार्ड सगळीकडे सारखे सरकते का ते. समोरच्या बाकावर बसलेली, ग्रामीण भागातून दोन एसट्या बदलून येणारी ही मुलगी किती विटांपर्यंत पाय उचलू शकते, हे मात्र मी कधी विचारले नाही. तिच्या वाक्यात एक शब्द होता, त्याखाली मी रेघ मारली. त्या शब्दाचा अर्थ तिला मी कधी सांगितलेलाच नव्हता. निकालानंतर तिला बोलावून सांगायचा म्हटले, तर ती तोवर सुटीला गावी गेली होती.

फियाट १९९९च्या पावसाळ्यानंतर संपली. भोके पाडूनही पेट्या आतून गंजल्या. लाल मातीच्या त्या मुलखात गंज आणि धूळ वेगळी ओळखूच येत नाही, आणि कळले तेव्हा बोट आरपार गेले. मिस्त्री तेव्हा थकले होते. भंगारवाल्याने ती तीन तुकड्यांत नेली. नानामामा २०१६ साली गेला.

गेल्या दिवाळीत मी मामीला भेटायला गेलो. लॉज आता भाचेसून पाहते, मामी मागच्या दोन खोल्यांत राहते. रात्री झोपताना तिने मला हाक मारली, ‘मागचं दार लावलंस का रे? अडसर घाल, वानरं येतात.’ दारामागे कोपऱ्यात तो उभा होता. सव्वा इंची पाइप, दोन्ही टोकांना चपटी केलेली पट्टी, आणि मधोमध हाताची पकड असे तेवढ्या जागेचा लाल रंग उडालेला. भिंतीत त्याच्यासाठी दोन लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. मी तो घातला, पण डावीकडच्या कडीत तो जरा हलत होता.

‘कॉटर बसत नाही तिथे,’ अंथरुणावरूनच ती म्हणाली. ‘कागदाची घडी घाल.’

मी खिशात हात घातला. एसटीचे तिकीट होते, त्याची घडी केली.